शेजारच्या गावची सखू

सरकारचे इस्तिहार आणि आमची पत्रकं एकाच दुखण्यानं आजारी आहेत. इस्तिहार रयतेशी बोलतो, पत्रक जनतेशी बोलतं. ज्या बाईच्या घरात काल प्लेगचा उंदीर पडला, ती बिचारी यातल्या कुणातच नसते. ती चुलीपाशी बसलेली असते आणि तिच्याशी कुणीच बोलत नाही.

हे मी आज ठणकावून लिहितो आहे, पण हा विचार माझा नव्हे. तो एका सरकारी कारकुनाचा. सरकारी कारकुनाकडून आपण काही शिकलो हे लिहायला माझ्यासारख्याला फार आनंद होतो असं नाही, पण खरं ते खरं. ते आता नाहीत. वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवला असता तर त्यांनी डोळे मिटून ऐकला असता, आणि "रयतेशी, जनतेशी" या जागी बोट वर करून म्हटलं असतं, "इथं अडकतंय." त्या एका शब्दासाठी मी आजही लिहून झालं की थोडा वेळ थांबतो. कुणी म्हणत नाही.

ते जुन्नरच्या कचेरीत होते. काम एकच. सरकारचा हुकूम निघाला की गावोगाव जायचं आणि चावडीवर तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. छापील हुकमाला इस्तिहार म्हणत, म्हणून लोक त्यांना इस्तिहारवाले म्हणत. खरं नाव कचेरीच्या हजेरीत होतं, तिथंच राहिलं.

मी त्यांच्या ओसरीवर भाड्यानं राहत होतो. पुण्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता लिहायला शिकलेला, विशीतला, हाडाचा तिखट माणूस. दारूच्या गुत्त्यांवर पत्रकं, विलायती कापडावर पत्रकं, आणि सगळ्यांत जास्त प्लेगच्या बंदोबस्तावर. बूट घालून देवघरात शिरणारे शिपाई मी पुण्यात डोळ्यांनी पाहिले होते. तो राग आजही निवलेला नाही आणि निवायचं मला काही कारण दिसत नाही. अशा माणसाला सरकारी नोकरानं घरात ठेवावं याचं पेठेत सगळ्यांना नवल होतं. शेजारचे कागदी चाचा, ज्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या जुन्नरी कागद बनत आला, ते एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "भाऊ, हा पोरगा तुमची नोकरी खाईल."

"खाऊ द्या," इस्तिहारवाले म्हणाले. "घरात बोलणारं कुणीतरी पाहिजे. हा तर झोपेतसुद्धा भांडतो."

पहिल्याच सकाळी मला जाग आली ती जात्याच्या घरघरीनं. वाटलं, कुणी मोलकरीण असेल. आत डोकावलो तर हे स्वतः मांडी घालून दळत बसलेले. पांढऱ्या मिशांवर पीठ. पुरुषानं जात्यावर बसायचं म्हणजे काय, हे त्या काळच्या पेठेला विचारा. गल्लीतल्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम दारावरून जायच्या आणि पदरात हसायच्या. इस्तिहारवाल्यांना त्याचं काही नव्हतं. समोर जमिनीवर सरकारी कागद पसरलेला, त्यावर कोपऱ्याला शेर ठेवलेला, म्हणजे उडू नये. एक मूठ बाजरी घालायची, दोन वेढे फिरवायचे, कागदातलं एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं.

"'स्थलांतर करण्यात कसूर करणाऱ्या इसमावर...'"

जातं थांबलं.

"अडकलं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "जात्यात काय अडकलं?"

"कसूर. हा शब्द ऐकला की माणूस आधी दाराला कडी लावतो. मग पुढचं ऐकतो. म्हणजे ऐकतच नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कोण, छापखाना ना? तुझं काही लिहिलेलं असेल तर आण. बाजरी अजून आहे."

मी माझं गुत्त्यांवरचं पत्रक आणलं. दुसऱ्या ओळीलाच जातं थांबलं. चौथ्या ओळीला त्यांनी खुंट्यावरचा हातच काढला. म्हणाले, "यात सगळे हरामखोर आहेत. घरात राहणारं माणूस कुणीच नाही?"

मला फार राग आला. अजूनही वाटतं की गुत्तेवाले हरामखोरच होते. पण ते पत्रक मी त्या दिवशी वाटलं नाही हेही खरं.

जातं बायकोचं. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. मी राहायला आलो त्याच आठवड्यात, भाकरी थापता थापता सांगून टाकली, जशी एखादा घराची गळकी बाजू नव्या भाडेकरूला दाखवतो. जुन्नरात पहिल्यांदा प्लेग आला तेव्हा गाव सोडून रानात छपरं घालून राहा, असा हुकूम निघाला. पेठेपेठेत तो यांनीच वाचला. मग घरी येऊन बायकोला वाचून दाखवला, उभ्यानं, शब्दन् शब्द, शिक्क्यासकट. ती दळत होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जातं?"

"कागदात जात्याचं काही नव्हतं रे," ते म्हणाले. "मी कागदात बघितलं. खरंच बघितलं. उलटून मागच्या बाजूला बघितलं. मग म्हणालो, तसा काही उल्लेख नाही. ती म्हणाली, उल्लेख नसेल तर रानात खायचं काय. मी म्हणालो, कसूर केल्यास दंड आहे. ती म्हणाली, भरा तुम्ही. आणि दळायला लागली."

ती गेली नाही. दंडही झाला नाही. प्लेगनं त्याआधीच गाठलं.

"चांगला प्रश्न होता तिचा," एवढंच म्हणून त्यांनी भाकरी उलटली.

त्यानंतर त्यांनी एकही हुकूम वाचून दाखवला नाही. कागद पागोट्याच्या पेचात खोचायचा आणि तो तिथंच राहायचा. गावात शिरले की चावडीवर बसायचे, तेही पाटलाकडे पाठ करून आणि लोकांकडे तोंड करून. पाटील चिडायचे. मग इस्तिहारवाले पाणी मागायचे आणि म्हणायचे, "आधी तुमची, मग सरकारची." म्हणजे गावानं आपली एक गोष्ट सांगायची. कुणाची म्हैस कुठं गेली, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, काहीही. ती ऐकल्याशिवाय सरकारचं तोंड उघडायचं नाही. पुष्कळदा यात दुपार जायची. पत्रकं वाटायला मीही बरोबर असायचो; कचेरीचा शिपाई मला म्हणायचा, "याचा पगार सरकार गप्पा ऐकण्यासाठी देतं काय?" मला वाटतं, द्यायला हवा होता. पण सरकारला ऐकण्यासाठी माणूस नेमायचं अजून सुचलेलं नाही. बोलण्यासाठी मात्र ठायी ठायी.

मग गावाच्या त्या गोष्टीतच ते आपला हुकूम हळूच आणून बसवायचे. आणि त्यात नेहमी एक बाई असायची.

पिंपळवंडीच्या चावडीवर मी ती पहिल्यांदा ऐकली. पुढं पाटलीणबाई बसलेल्या, अंगानं दांडग्या, जिभेनं त्याहून. मागं गावच्या बाया.

"येडगावात एक बाई आहे," इस्तिहारवाले म्हणाले. "सखू. पाटलीणबाई, तुमच्यासारखीच. कुणाचं ऐकत नाही."

"मग शाणी आसंल," पाटलीणबाई म्हणाल्या.

"आहे ना. तिच्या घरात परवा उंदीर पडून मेला. नवरा घरीच होता. त्यानं काय केलं असेल?"

"शेपटीला धरून फेकला आसंल," एक म्हातारा म्हणाला.

"अंहं. त्यानं कागद वाचला."

बायका हसल्या. "कसला वो कागद?"

"सरकारी. उंदीर पायाशी, आणि हा उभ्यानं मोठमोठ्यानं वाचतोय. सखू दळत होती. म्हणाली, झालं का वाचून? आता सांगा, रानात जायचं तर जातं कोण नेणार?"

"खरंच की," मागून एक बाई म्हणाली. "रानात काय दगड खायाचं?"

"नवरा गप्प. त्याच्या कागदात जातंच नव्हतं. मग सखूनं पदर खोचला. वरचा दगड स्वतः डोक्यावर घेतला. नवऱ्याला म्हणाली, खालचा तुमी उचला. आणि खुंटा दातात धरा, म्हंजी वाचणं तरी बंद व्हईल."

पाटलीणबाईंना हसता हसता ठसका लागला. हसू सरेपर्यंत ते थांबले आणि मग अगदी हळू म्हणाले, "गेली. आता रानात आहे. पोरंबाळं घेऊन, जातं घेऊन. उंदीर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गेली, म्हणून आहे." आणि मग पागोट्यातून कागद काढून शिक्का दाखवला. "सरकारचंही तेच म्हणणं आहे. जरा वाकडं लिहिलंय, एवढंच."

येडगावला गेलो तर तिथंही सखू होती, पण ती पिंपळवंडीची. मंचरच्या बाजूला ती घोडेगावची, घोडेगावात मंचरची. नेहमी शेजारच्या गावची. तिचा नवरा सगळीकडे तसाच, बिननावाचा, कागद वाचणारा ठोंब्या. कुठं खालचा दगड पायावर पाडून घ्यायचा, कुठं छप्पर घालताना आतून शाकारायला लागायचा. विहिरीत लाल औषध टाकायचा हुकूम आला, आणि सरकार पाणी बाटवतंय म्हणून गावं बिथरली, तेव्हा सखूनं ओंजळभर गुलाबी पाणी सगळ्यांच्या आधी पिऊन दाखवलं, आणि नवरा न पिताच चक्कर येऊन पडला. गोष्ट संपली की इस्तिहारवाले स्वतः तांब्याभर प्यायचे. चक्कर येऊन पडायचं सोंगही करायचे. या वयात.

आम्ही दोघं एकाच छकड्यातून फिरायचो. त्यांच्या पागोट्यात सरकारचा कागद, माझ्या पिशवीत सरकारविरुद्धचा. गाडीवान म्हणायचा, बैलांना कुठल्या बाजूनं ओढायचं तेच कळत नाही.

एकदा वाटेत मी स्पष्टच म्हटलं. "काका, ही सखू खोटी आहे."

"हो."

"म्हणजे तुम्ही लोकांशी खोटं बोलता."

"हो."

"आमच्या छापखान्याचा नियम आहे. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते छापायचं नाही."

"चांगला नियम आहे," ते म्हणाले. "मीही तेच पाळत होतो. कागदात नव्हतं ते बोललो नाही."  नारायणगावचा रस्ता लागल्यावर ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्या गोष्टीत ती दर वेळी निघते. एवढीच अदलाबदल केली आहे मी."

"नाव तरी तिचंच ठेवायचं."

"बायकोचं नाव घ्यायची रीत आहे का आपल्यात? सखू बरं आहे."

 मी पिशवीतली पत्रकं नीट लावत बसलो.

त्या हंगामात उंदीर पडले, आणि गावं निघाली. शिपायाशिवाय, दंडाशिवाय. ज्या पिंपळवंडीला आदल्या खेपेला चार दिवस दरडावून घरं सोडायला लावावी लागली, तीच पिंपळवंडी दुसऱ्याच सकाळी रानात दिसली. आणि प्रत्येक छपराच्या दाराशी एक जातं. डोक्यावरून, गाडीतून, दोघा भावांनी काठीला बांधून, कसंही, पण आणलेलं. नवे मामलेदार घोड्यावरून पाहणीला आले, त्यांना हे जात्यांचं गाव बघून काही उमजेना. त्यांनी पाटलाला विचारलं, हा कुठला हुकूम? पाटील म्हणाला, "सखूनं नेलं, म्हून."

इथून बिघडलं.

मामलेदार वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला वाटलं, अशी एखादी समजूतदार बाई तालुक्यात असेल तर तिला सरकारातून लुगडं द्यावं, भर कचेरीत सत्कार करावा. त्यानं ते वरही कळवून टाकलं. मग सखू कोण, कुठली, याची गावोगाव विचारणा झाली. पिंपळवंडीच्या पाटलानं कळवलं, सदर बाई येडगावची. येडगावच्या पाटलानं कळवलं, पिंपळवंडीची. मंचर, घोडेगाव, सगळीकडून तेच उत्तर, बाई आहे, पण शेजारी. कचेरीत कुणाला हसायचं सुचलं नाही. चौकशी पुन्हा पाठवली.

इस्तिहारवाल्यांची झोप उडाली ती मात्र कचेरीला भिऊन नव्हे. जात्यावर बसायचे आणि दळायचेच नाहीत. "पुढच्या साली पुन्हा उंदीर पडतील," ते म्हणाले. "मी पुन्हा जाईन. लोक म्हणतील, खोट्या सखूचा कारकून आला. बसून राहतील घरात. माझ्या खोट्यापायी बसून राहतील."

"मग आताच खरं सांगून टाका," मी म्हणालो.

"कुणाला? रयतेला?"

ते सांगायची वेळ आम्हाला शोधावी लागली नाही. येडगावला निघालो होतो. कुकडीच्या उतारावर, जिथं पाणी गुडघ्याएवढं होतं आणि गाड्या पलीकडे जात, तिथं काठावर बायांचा गलका दिसला. अलीकडे पिंपळवंडीच्या बाया, पुढं पाटलीणबाई. पलीकडे येडगावच्या, पुढं भागूबाई नावाची उंच, काळीसावळी बाई. सगळ्यांच्या हातात सूप, सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. सरकार सखूचा सत्कार करणार असं दोन्ही गावांच्या कानावर आलं होतं. सरकारच्या आधी आपण तिची ओटी भरायची, असं दोन्ही गावांनी आपापल्या मनानं ठरवलं आणि बाया एकाच सकाळी निघाल्या. मधेच भेटल्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांना नुकतंच कळलं होतं.

"तुमची सखू कुठंय?" असं पाटलीणबाईंनी विचारलं होतं.

"आमची?" भागूबाई म्हणाली होती. "आमी तर तिलाच भेटाया निघालोय. तुमच्या गावात."

आधी हसू झालं. मग हसू ओसरलं. आणि मग छकडा दिसला.

भागूबाई पाण्यातून चालत अलीकडे आली. "या इस्तिहारवाले. सरकार खोटं बोलतंय हे आमाला ठाव व्हतं. तुमी बी?"

मला वाटलं, आता माणूस काहीतरी सांभाळून घेईल. गोष्टी रचणाऱ्याला काय कमी? ते छकड्यातून उतरले, वहाणा काढून हातात घेतल्या. पागोट्यातला कागद बाहेर काढला आणि माझ्याकडे दिला. सरकारचा कागद माझ्या हातात, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटी.

"सखू नाही," ते म्हणाले. "कुठल्याच गावात नाही. होती ती जुन्नरात, माझ्या घरात. पण ती गेली नाही रानात. जातं कोण नेणार म्हणाली, आणि मला सांगता आलं नाही. मी कागद वाचत होतो."

 नदीत गाडीवानाचे बैल पाणी पीत होते.

पाटलीणबाईंनी विचारलं, "म्हंजी तो येडा नवरा..."

"मीच."

पाटलीणबाईंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. इतके दिवस त्या याच माणसाला त्याच्याच तोंडासमोर हसल्या होत्या.

मागं एक पोरसवदा सून होती, ती कुजबुजली, "मग आता या वटीचं काय करायचं? घरनं निघाल्याली वटी माघारी न्हेत न्हाईत."

हा मोठाच पेच होता. सरकारी कागदात याचा उल्लेख नव्हता आणि माझ्या पत्रकातही नव्हता. खण नदीत सोडावा, तर अपशकून. देवीला वाहावा, तर ओटी सवाष्णीच्या नावानं निघालेली. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

भागूबाईनं सूप खाली ठेवलं. पाटलीणबाईंसमोर उभी राहिली. "पिंपळवंडीची सखू हवी व्हती ना मला? जातं तू न्हेलंस का न्हाई रानात?"

"न्हेलं की. कंबर मोडली माझी."

"मग वाक जरा. लई उंच हायेस तू."

भागूबाईच उंच होती, पण ते असू दे. तिनं पाटलीणबाईंना कुंकू लावलं, पदरात खण-नारळ-तांदूळ घातले. मग पाटलीणबाईंनी तिची ओटी भरली. "ही येडगावची सखू," म्हणाल्या. मग मागच्या बाया पुढं आल्या. पाण्यातच उभ्या राहून, लुगडी भिजवत, या गावानं त्या गावाच्या ओट्या भरल्या. इस्तिहारवाले वहाणा हातात धरून काठावर उभे होते. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहायला नको होतं हे बायांना बरोबर कळलं.

जाता जाता पाटलीणबाई फक्त एवढं म्हणाल्या, "कारकून, जेवून जावा आमच्याकडं. पीठ आमी दळलेलं खावा एकदा."

मामलेदारापुढं ते दुसऱ्या दिवशी आपणहून गेले. मामलेदारानं विचारलं, ही बाई आहे की नाही? ते म्हणाले, "होती साहेब." कुठल्या गावची? "माझ्या घरची." मामलेदार वर कळवून बसला होता. त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि सरकारला तोंड लपवावं लागलं की कुणाचं तरी पोट मारलं जातं. त्यांची नोकरी मात्र गेली नाही. इस्तिहाराचं काम काढून घेतलं आणि घोडेगावच्या कचेरीत कागदांच्या नकला करायला बसवलं. सबंध जुन्नर आणि आंबेगावात बाईमाणसाशी बोलू शकणारा सरकारकडे एकच माणूस होता, त्याला सरकारनं दप्तराच्या खोलीत, जिथं बोलायला कुणी नाही, तिथं नेऊन ठेवलं. यावर मी पत्रक काढलं. जळजळीत होतं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मामलेदाराच्या घरी कोण कोण असतं, माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. "मग अडकतंय."

घर सोडताना त्यांनी छकड्यात पहिली वस्तू घातली ती जातं. वरचा दगड मी उचलला, खालचा त्यांनी. गाडीवानाला खुंटा द्यायला गेलो तर त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. ओसरीवर मी एकटा राहिलो. सकाळी जाग यायची, आणि घरघर नसल्यानं पुन्हा झोप लागायची नाही. कागदी चाचा एकदा दारात थांबून म्हणाले, "गल्ली बहिरी झाली रे." मी मान हलवली. 

पुढच्या हंगामात उंदीर पडायला लागले तसा मी पिंपळवंडीला गेलो. एकटाच, पिशवीत माझं स्वतःचं पत्रक. सरकारचं म्हणून नव्हे, तुमच्या जिवासाठी घरं सोडा, असं. मी ते चावडीवर वाचलं, उभ्यानं, मोठ्यानं. लोक आदरानं ऐकत होते आणि जागचं कुणी हलत नव्हतं.  इस्तिहारवाले ज्याला भ्याले होते ते हेच.

तेवढ्यात पाटलीणबाई चावडीवर आल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर जात्याचा वरचा दगड.

"तुमी वाचा राव," त्या मला म्हणाल्या. "आमी निघतो. येडगावच्या सखूचा सांगावा आलाय. ती कालच भाईर पडली."

सगळं गाव उठलं.

मी तिथून थेट घोडेगाव गाठलं. दप्तराच्या खोलीत ते खिडकीशी बसले होते, खांदे उतरलेले, शाईनं बोटं काळी. बरेच वाळले होते. खोकला होता. मी सांगायला लागलो, तसा त्यांनी टाक खाली ठेवला.

"पाटलीणबाई निघाल्या?"

"निघाल्या."

"आणि येडगाव?"

"सांगावा आला, भागूबाई आदल्या दिवशीच."

"जातं?"

"घेऊन."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग, कुणी फार दिवसांनी घरचं काही विचारावं तसं, हळूच विचारलं, "आणि तिचा नवरा?"

मी येडगावला गेलोच नव्हतो. भागूबाईला नवरा आहे की नाही, तो काळा की गोरा, मला काही ठाऊक नव्हतं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी तोवर जन्मात कधी छापलं नव्हतं, बोललो नव्हतो.

"मागून येत होता," मी म्हणालो. "खालचा दगड खांद्यावर. खुंटा दातात धरून."

त्यांनी डोळे मिटले. ऐकताना मिटायचे तसे. मी त्या बोटाकडे बघत होतो, ते वर होईल म्हणून.

"अडकत नाही," ते म्हणाले.